खाणीच्या ढिगाऱ्याखालचें शेत : पाणी काढण्याचे चर व मातीची राखण

गोव्यांतील डिचोली, सत्तरी व सांगे या तालुक्यांत ज्या डोंगरांवर लोखंडाच्या खाणी आहेत, त्याच डोंगरांच्या पायथ्याशीं भातशेतें व कुळागरें आहेत. एक टन खनिज काढावयाचें तर त्याबरोबर अडीच ते तीन टन निरुपयोगी माती व दगड उकरावे लागतात. खाणपट्टे लहान, बहुतेक शंभर हेक्टरांच्या आंतले. खड्ड्याच्या तळाशीं आणखी खनिज असतें म्हणून तो बुजवितां येत नाहीं. तेव्हां ही माती खड्ड्याच्या कडेला, पुष्कळदां पट्ट्याच्या बाहेरही, रचून ठेवण्यांत येते. या ढिगाऱ्यास तिकडील लोक ‘डंप’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याचें खनिज मोठ्या प्रमाणावर परदेशीं जाऊं लागलें, आणि २०१०-११ या एका सालांत तेथील बंदरांतून पांच कोटि टनांहून अधिक माल रवाना झाला. मागें राहिलेल्या मातीचा हिशेब वाचकांनींच करावा.

हा ढीग सैल असतो, व त्यावर मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जो पाऊस कोसळतो तो वर्षाकांठीं किनाऱ्याकडे सुमारें ३००० मिलिमीटर आणि सह्याद्रीच्या पायथ्याशीं त्याहूनही पुष्कळ अधिक भरतो. तांबडी माती डंपावरून व्हाळांत, व्हाळांतून मेर ओलांडून शेतांत, आणि शेवटीं मांडवी व जुवारी या नद्यांत उतरते. पिसुर्लें, शिरगांव, मुळगांव या गांवांच्या शेतांत गाळ शिरल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षें ऐकूं येत आल्या आहेत. २०१२ सालीं गोव्यांतील खाणी बंद झाल्या, पुढें कांहीं काळ चालून मार्च २०१८ मध्यें त्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें पुन्हां बंद झाल्या, आणि नव्या लिलावांनंतर २०२४ पासून कांहीं ठिकाणीं पुन्हां सुरू होऊं लागल्या. परंतु डंप या सर्व काळांत जागच्या जागींच होते. खाण बंद पडली म्हणजे चर उपसणारीं माणसें व यंत्रेंही निघून जातात, पाऊस मात्र ठरल्या वेळीं येतो.

अशा डंपाखालीं ज्यांची जमीन आहे त्यांनीं डंपावरील पाण्याची व्यवस्था कशी असावयास पाहिजे हें स्वतः जाणून घेणें जरूर आहे. ही व्यवस्था करणें हें खाणवाल्याचें काम खरें. पण ती बरोबर झाली आहे किंवा नाहीं हें ओळखण्याची गरज ज्याचें पीक जावयाचें त्यास अधिक असते.

आपल्याकडील शेतकऱ्यास जमिनीची धूप ही नवी गोष्ट नव्हे. ताली घालणें, समपातळीवर बांध काढणें हे उपाय देशावर पिढ्यानुपिढ्या चालत आले आहेत, आणि मुंबई इलाख्यांत १९४२ च्या जमीन-सुधारणा कायद्यानें त्यांस सरकारी स्वरूपही आलें. या सर्वांचें तत्त्व एकच : पाणी जागच्या जागीं थांबवावें, तें मुरूं द्यावें, म्हणजे माती आपोआप थांबते. शेतांत हें तत्त्व अगदीं बरोबर आहे. डंपावर तेंच लागू केलें तर मात्र घात होतो.

याचें कारण असें. शेताखालीं हजारों वर्षांची बसलेली जमीन असते. डंप ही ट्रकांनीं ओतलेली भुसभुशीत रास असते. तिच्यांत मुरलेलें पाणी पोकळ्यांत सांचतें, ढिगाचें वजन वाढवितें, आणि मातीच्या कणांना एकमेकांपासून दूर लोटून त्यांची एकमेकांवरील पकड कमी करितें. त्यांतून डंप उतारावर रचलेला असला, व रचण्यापूर्वीं खालचें गवत-झुडूप काढलेलें नसलें, तर तें कुजून जो निसरडा थर होतो त्यावरून सबंध ढीगच घसरूं शकतो. म्हणून डंपापुरता नियम उलटा आहे : माती थांबवावी, पाणी थांबवूं नये. पाणी मुरण्यापूर्वीं गोळा करावें, हळू चालवावें, आणि ठरलेल्या वाटेनें बाहेर काढावें. डंपाच्या माथ्यावर पाणी सांचलेलें दिसलें तर ‘चांगली जिरवण होत आहे’ असें समजूं नये. तें धोक्याचें लक्षण आहे.

माथा सपाट ठेवूं नये; दर पन्नास मीटरांस एक मीटर इतका उतार कडेकडून आंतल्या बाजूस द्यावा व माथ्याच्या कडेवर गुडघाभर उंचीचा मातीचा बांध घालावा, म्हणजे माथ्यावरील पाणी बाजूवरून सरळ खालीं झेपावत नाहीं. बाजूंचा उतार हा त्याहूनही महत्त्वाचा विषय आहे. ट्रकानें ओतलेली माती आपोआप जेथें थांबते तो उतार सुमारें ३७ अंशांचा असतो. त्यावर ना माती टिकत, ना गवत. तो यंत्रानें ओढून २८ अंशांच्या आंत, म्हणजे एक मीटर उंचीस साधारण दोन मीटर पाया इतका, निवळ करावा लागतो. शिवाय सबंध उंची एका दमांत नसावी. दर आठ-दहा मीटर उंचीवर एक पायरी सोडावी. पायरीचा उतार डोंगराच्या बाजूस, म्हणजे आंत असावा, व आंतल्या कडेस चर काढून वरच्या उतारावरील पाणी त्यांत धरावें. बाहेरच्या बाजूस उतार असलेली पायरी ही नसल्यापेक्षां वाईट, कारण ती पाणी गोळा करून एकाच ठिकाणीं खालीं फेकते.

उतार तोडण्याचा एवढा आग्रह कां, हें एका जुन्या नियमावरून ध्यानांत येईल. पाण्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे तें लोटूं शकेल अशा दगडाचें वजन चौसष्टपट होतें. उतार जितका लांब, तितकें पाणी अधिक व वेगही अधिक. पहिल्या दहा मीटरांत रेती हालविणारें पाणी चाळिसाव्या मीटरावर धोंडे हालवितें व बोटभर ओघळाची घळ करितें.

आतां चर किती मोठा असावा हा प्रश्न. बहुतेक ठिकाणीं तो यंत्राच्या बकेटीच्या रुंदीवर ठरतो, पावसावर नव्हे. वास्तविक हिशेब कठीण नाहीं. ज्या क्षेत्राचें पाणी चराकडे येतें तें हेक्टरांत मोजावें. ऐन सरीचा जोर ताशीं मिलिमीटरांत घ्यावा. पडलेल्या पाण्यापैकीं वाहून जाणारा हिस्सा अपूर्णांकांत घ्यावा. या तिहींचा गुणाकार करून ३६० नें भागिलें म्हणजे सेकंदास किती घनमीटर पाणी येईल तें निघतें. उदाहरणार्थ, डंपाची एक बाजू ४ हेक्टरांची, म्हणजे सुमारें दहा एकरांची आहे. सरीचा जोर ताशीं १०० मिलिमीटर धरूं. उघड्या डंपावरून सात-दशांश पाणी वाहून जातें असें धरूं. ४ गुणिलें १०० गुणिलें ०.७ म्हणजे २८०. त्यास ३६० नें भागितां ०.७८ घनमीटर. येथें दिवसाचा एकूण पाऊस घेऊं नये. चर फुटतो तो दिवसभराच्या रिपरिपीनें नव्हे, दहा-पंधरा मिनिटांच्या एका तुफान सरीनें.

कोणत्या वर्षाची सर हिशेबांत घ्यावी हेंही ठरवावें लागतें. अमेरिकेंत कोळशाच्या उघड्या खाणींकरितां १९७७ सालीं कायदा झाला. त्याखालील नियमांप्रमाणें कायम ठेवावयाचा साधा वळण-चर सरासरीनें दहा वर्षांतून एकदां येणारा सहा तासांचा पाऊस सुरक्षितपणें वाहून नेईल असा लागतो, व जिवंत ओढा कायमचा वळविला असेल तर शंभर वर्षांतून एकदां येणारा. मला वाटतें, ज्या डंपाखालीं शेत किंवा वस्ती आहे त्यास दहा वर्षांचें माप हें कमींत कमी समजावें.

वरील ०.७८ घनमीटर पाण्यास चर कसा लागेल? आयर्लंडांतील इंजिनियर रॉबर्ट मॅनिंग यानें १८८९ सालीं मांडलेल्या सूत्रानें तें काढतां येतें. सूत्राचा मतितार्थ इतकाच कीं, पाण्याचा वेग चराची खोली व उतार यांबरोबर वाढतो आणि तळाच्या खडबडीतपणानें कमी होतो. मातीचा, थोडा खडबडीत चर घेऊं. तळ ६० सेंटिमीटर, दोन्ही बाजू एकास एक अशा तिरप्या, आणि लांबीचा उतार दोनशें मीटरांस एक मीटर. यांत पाणी ६० सेंटिमीटर खोल चढलें म्हणजे तें सेकंदास सुमारें १.१ मीटर वेगानें वाहतें व बरोबर ०.७८ घनमीटर पाणी निघून जातें. वर ३० सेंटिमीटर मोकळी कड ठेवावी, म्हणजे चर ९० सेंटिमीटर खोल व माथ्यावर २.४ मीटर रुंद झाला. ज्यांना ‘दोन फुटी गटार’ पाहण्याची संवय आहे त्यांस हें माप मोठें वाटेल. पण दहा एकरांचें पाणी दोन फुटांत मावत नाहीं.

आतां तोच चर पन्नासास एक अशा उतारावर घातला तर पाणी ४२ सेंटिमीटरच चढतें. चर लहान पुरतो. खर्च वाचला असें वाटतें. परंतु वेग १.८ मीटर होतो, आणि येथेंच फसगत आहे. सैल माती सेकंदास अर्ध्या मीटराच्या वेगासच सुटूं लागते. घट्ट चिकण-पोयट्याची जमीन पाऊण ते एक मीटरापर्यंत तग धरते. चांगलें रुजलेलें गवत असेल तर सवा ते दीड मीटर चालतो. त्यापुढें दगडाचें अस्तर लागतें. म्हणजे दोनशेंस एक या चरांत गवत पुरेसें आहे. पन्नासास एक या चरांत दगड बसविल्यावांचून गत्यंतर नाहीं. उतार फार कमी करणेंही बरें नव्हे, कारण मग चर गाळानें भरतो व पहिल्याच मोठ्या सरीस कडेवरून ओसंडतो. दोनशेंस एक ते शंभरास एक यांच्या दरम्यान ठेवावा.

पायऱ्यांवरील चर चांगले, पायथ्याचा चर चांगला, आणि तरीही डंप फुटला असें जेथें होतें तेथें दोष बहुधा एकाच जागीं असतो : वरच्या चराचें पाणी खालच्या चरांत उतरविण्याची वाट. आठ-दहा मीटरांची ही उडी पाण्यानें मातीवरून घेतली कीं एका पावसाळ्यांत तेथें घळ पडते आणि घळीबरोबर पायरीही जाते. म्हणून उतरणीची वाट आधीं ठरवून बांधून काढावी. चर खणण्याचें काम त्यानंतर. ही वाट शक्यतों डंपाच्या भरावावरून न नेतां बाजूच्या मूळ, न हाललेल्या जमिनीवरून न्यावी. तींत मोठे दगड बसवावे, पण नुसत्या मातीवर नव्हे. खालीं बारीक खडीचा वीतभर थर द्यावा, नाहीं तर पाणी दगडांच्या सांध्यांतून खालची माती चोखून नेतें व दगड अधांतरीं राहून ढासळतात. तारेच्या जाळींत दगड भरून केलेल्या पायऱ्या याहून बऱ्या, कारण खालचा भराव थोडा बसला तरी त्या वांकतात, फुटत नाहींत. सिमेंटाची पातळ नाली दिसावयास सुबक असते; भराव बसतांच तिला तडा जातो व पाणी तिच्याखालून वाट काढतें, आणि वरून तें दिसतही नाहीं. उतरणीच्या तळाशीं दगडी कुंड करून त्यांत पाण्याची गादी ठेवावी, म्हणजे उडीचा जोर तेथें मरतो.

पायथ्याशीं डंपाभोंवतीं वळसा घालणारा चर व त्याच्या आंत भिंत असते. दोन पाणी वेगळीं ठेवावीं, हा येथील मुख्य नियम. डंपाच्या वरच्या अंगास असलेल्या डोंगराचें स्वच्छ पाणी डंपाला लागण्यापूर्वींच वळवून परस्पर व्हाळास न्यावें. डंपावरील गढूळ पाणी निराळ्या चरानें गाळाच्या तळ्यांत न्यावें. दोन्ही एकत्र केलीं तर स्वच्छ पाणीही फुकट गढूळ होतें व तळें दुप्पट मोठें लागतें. भिंत गोव्यांत बहुधा जांभ्याच्या चिऱ्यांची असते. तिच्यांत पाझर जाण्यास भोकें हवींत व मागें खडी हवी. भोकें नसलेली भिंत म्हणजे धरणच. तिच्यामागें पाणी तटून एखाद्या रात्रीं भिंत आणि माती दोन्ही शेतांत येतात. सुक्या दगडाची भिंत साधी दिसली तरी या कामीं चुन्या-सिमेंटाच्या भिंतीहून पुष्कळदां सरस ठरते.

गाळाच्या तळ्यावर लोकांचा फार भरंवसा असतो. ‘तळें बांधून देतों, मग शेतांत गाळ येणार नाहीं’ असें सांगण्यांत येतें व शेतकरीही तें मान्य करितात. त्या तळ्यास काय साधतें याचा हिशेब पहावा. तळें गाळ धरतें तें खोलीच्या नव्हे, पृष्ठभागाच्या जोरावर. कण तळाशीं बसण्याचा वेग जितका कमी तितकें क्षेत्र अधिक लागतें. आपल्या उदाहरणांतील ०.७८ घनमीटर पाण्यांतून एक-दशांश मिलिमीटर जाडीची रेती बसवावयास सुमारें एक गुंठा तळें पुरतें. एक-शतांश मिलिमीटराची बारीक माती सेकंदास एक-दशांश मिलिमीटर इतक्याच वेगानें खालीं बसते. तिच्याकरितां ७८०० चौरस मीटर, म्हणजे पाऊण हेक्टराहून अधिक तळें लागेल. आणि ज्या अतिसूक्ष्म चिकणमातीनें पाणी तांबडें दिसतें, त्या दोन-सहस्रांश मिलिमीटराच्या कणांकरितां १९ हेक्टर! चार हेक्टर डंपाखालीं एकोणीस हेक्टरांचें तळें कोण देणार? तळें रेती धरील, जाड गाळ धरील. तांबडें पाणी धरणार नाहीं. तें धरावयाचें ठिकाण एकच, तें म्हणजे डंपाचें अंग, जेथें पावसाचा थेंब पडून कण सुटतो. म्हणून तळें हें शेवटचें साधन आहे. त्यावरच विसंबलेली योजना मान्य करूं नये.

थेंबाचा मार चुकविण्यास पांघरूण पाहिजे. डंपांवर आजपर्यंत बरीच लागवड ऑस्ट्रेलियन बाभळीची झाली. ती निकृष्ट मातींत झपाट्यानें वाढते हें खरें, पण तिच्याखालीं गवत नीट येत नाहीं, व उंच झाडावरून पडणारे जाड थेंब उघड्या जमिनीस पावसाइतकेच मारतात. लावलेल्या झाडांची संख्या हें धूप थांबल्याचें प्रमाण नव्हे. आधीं गवत, मग झुडूप, मग झाड, असा क्रम असावा. उतारावर काथ्याची जाळी अंथरून खुंट्यांनीं घट्ट बसवावी; ती दोन-तीन पावसाळ्यांत कुजते, तोंवर गवताचीं मुळें तिची जागा घेतात. समपातळीवर वाळ्याच्या दाट ओळी लावाव्या. वाळ्याचें मूळ सरळ खोल जातें व त्याची ताटी पाण्याचा वेग मोडून गाळ गाळून घेते. मधल्या पट्ट्यांत ताग किंवा धैंचा पेरल्यास मातीस थोडा जीव येतो. खाण उघडतांना काढलेली वरची कसदार माती निराळी काढून जपून ठेवावी असा खाणींचा नियमच आहे. ती वीतभर पसरली तर गवताचें काम एका वर्षांत होतें, न पसरली तर तीन वर्षांतही होत नाहीं. जुने डंप हलक्या प्रतीच्या खनिजाकरितां पुन्हां उकरण्यांत येऊं लागले आहेत. तेथें वीस वर्षांचें रुजलेलें पांघरूण एका दिवसांत निघतें. अशा डंपास नवा डंप समजून सर्व व्यवस्था पहिल्यापासून मागावी.

विदर्भांत वर्धा नदीच्या खोऱ्यांत, वणी, राजुरा, बल्लारपूर या बाजूस, कोळशाच्या उघड्या खाणींचे असेच ढीग आहेत. तेथें पाऊस गोव्याच्या निम्म्याहूनही कमी, पण भोंवतालची जमीन काळी. काळी माती उन्हाळ्यांत भेगाळते व पावसांत फुगते, म्हणून तींत काढलेल्या चराच्या बाजू एकास एक ठेवून चालत नाहीं. एकास दोन इतक्या निवळ ठेवाव्या लागतात, आणि पहिला पाऊस भेगांतून शिरून चराची कड आंतून पोखरतो त्याकडे लक्ष द्यावें लागतें. बाकी हिशेब तोच.

ही सर्व व्यवस्था कागदावर कोठें असते, हेंही जमीनदारांस ठाऊक पाहिजे. लोखंडाच्या खाणीचा आराखडा भारतीय खाण ब्यूरोकडून, ज्याचें मुख्य ठाणें नागपुरास आहे, मंजूर व्हावा लागतो. खाण बंद करण्याची योजनाही २००३ पासून सक्तीची आहे. पर्यावरण-मंजुरीच्या अटींत डंपाभोंवतींचा चर, पायथ्याची भिंत व गाळाचें तळें हीं बहुधा नांवानिशीं लिहिलेलीं असतात. २००५ च्या माहिती-अधिकाराच्या कायद्यान्वयें या कागदांच्या नकला मागतां येतात. नकाशा हातीं आल्यावर तीन आंकडे पहावे : चराचें पाणलोट-क्षेत्र किती धरलें, सरीचा जोर किती धरला, व चराचा उतार किती आहे. हे तीन आंकडे नकाशांत नसतील तर चराचा हिशेब झालेलाच नाहीं असें समजण्यास हरकत नाहीं.

कामाची वेळही पहावी. चर, उतरणी व भिंत वैशाखअखेर पुरीं झालीं पाहिजेत. वाळ्याचे ठोंब मृगाच्या सरी लागतांच लावावे. पहिली मोठी सर होऊन गेली कीं दुसऱ्याच दिवशीं गांवच्या चार माणसांनीं डंपाखालून व वरून फिरून यावें : कोठें कड ओसंडली, कोठें दगड हालला, कोणत्या भोंकांतून स्वच्छ व कोणत्यांतून गढूळ पाझर येतो. भिंतीच्या भोंकांतून स्वच्छ पाणी येणें चांगलें. गढूळ पाणी येत असेल तर भिंतीमागची माती आंतून वाहून चालली आहे.

गाळाच्या तळ्यांत निम्म्या खोलीवर तांबड्या रंगाची खूण केलेला एक खांब रोवून घ्यावा. ती खूण गाळाखालीं जाईल तेव्हां तळें उपसावें, मग तो भर पावसाळा असो. उपसलेला गाळ तळ्याच्या कांठावर टाकूं देऊं नये, कारण तो पुढच्या सरीस परत तळ्यांत येतो. तो डंपाच्या आंतल्या पायरीवर नेऊन पसरावा व त्यावर लगेच गवताचें बीं टाकावें.